बारा अंक कुणाचे, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक

ठाण्याला कोर्ट नाक्याजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेल्या महिन्यात मी भाडेकराराच्या प्रती काढायला थांबले होते. माझ्यापुढे सत्तरीचे एक आजोबा होते. त्यांनी कुठल्याशा अ‍ॅपवरून लाइटबिल भरलं होतं. पैसे खात्यातून गेले होते, बिल मात्र थकीतच दिसत होतं. दुकानातला मुलगा त्यांच्याच फोनवर तक्रार लिहून देत होता. 'तक्रारीचा तपशील' असं वर लिहिलेला एक मोठा चौकोन होता आणि आजोबा सांगतील तसं तो त्यात टाइप करत होता. आधी वीजग्राहक क्रमांक झाला. मग बँकेच्या मेसेजमधून कॉपी केलेला यूपीआयचा संदर्भ क्रमांक. मग मोबाइल नंबर आणि त्याला चिकटूनच 'ला फोन करावा'. शेवटी आजोबांनी खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड काढलं आणि म्हणाले, "बाळा, आधार नंबरपण घाल. म्हणजे मी कोण ते त्यांना कळेल." मुलाने घातला. मेसेजमधून आलेले आकडे इंग्रजी, हाताने टाइप केलेले देवनागरी. तक्रार गेली.

त्या एका तक्रारीवर आमच्या धंद्यातला एक मोठा वाद उभा आहे, आणि तो फार वाईट पद्धतीने लढवला जातोय म्हणून हा लेख. मी ऐरोलीत सॉफ्टवेअरचं काम करते. लोकांनी मोकळ्या चौकोनात लिहिलेल्या मजकुरातले आधार, पॅन, कार्ड, मोबाइल असे नाजूक क्रमांक झाकायचे कसे, यावर दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, रेजेक्स (मजकुरातला ठरावीक साचा शोधणारा नियम) लावा, बारा अंक सलग दिसले की काळे करा, विषय संपला. दुसरा म्हणतो, रेजेक्सचे दिवस गेले, आता एआयचं मॉडेल लावा, ते संदर्भ वाचून ओळखेल. माझं म्हणणं असं की दोघंही चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देतायत. हे बारा अंक कसले आहेत, हे खात्रीने एकाच माणसाला माहीत असतं: ज्याने ते लिहिले त्याला. म्हणून झाकण्याचं काम त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच फोनवर, 'पाठवा' दाबण्याआधी झालं पाहिजे. आपणहून सगळं झाकलेलं राहावं, आणि जे उघडायचं ते त्याने उघडावं. या कामाला रेजेक्ससारखं साधं हत्यारच योग्य आहे.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे आमच्या बोलीत रेजेक्स, हा मजकुरातला साचा शोधण्याचा मार्ग आहे. 'पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर' असा साचा दिला की पॅन सापडतो. 'सहा ते नऊपैकी एक अंक आणि पुढे नऊ अंक' म्हटलं की भारतातला मोबाइल नंबर सापडतो. साचा आकार ओळखतो, अर्थ ओळखत नाही. आता आजोबांची तक्रार घ्या. आधार बारा अंकी. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा अंकी. यूपीआयचा संदर्भ क्रमांकही बारा अंकी. तीन वेगळ्या वस्तू, आकार एकच. त्यातली एक झाकायलाच हवी आणि दोन झाकल्या तर तक्रारच मेली.

पहिल्या तटाला याची किंमत माहीत नाही असं नाही, पण ते ती दुसऱ्याच्या खात्यावर टाकतात. मी पूर्वी ज्या प्रकल्पावर होते तिथे 'सलग बारा अंक काळे करा' हा नियम सर्व्हरवर गुपचूप लागला. महिनाभरात सपोर्टच्या मुलींकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये ठिपकेच ठिपके. त्यांनी काय करावं? ग्राहकाला फोन लावायचा, "सर, नंबर परत सांगता का?" असं विचारायचं आणि शेजारच्या वहीत लिहून घ्यायचं. आधार कुठला, ग्राहक क्रमांक कुठला, हे ग्राहकही गडबडून सांगत. एका दुपारी मी त्या मजल्यावर गेले तेव्हा शंभर पानी वहीचं अर्ध्याहून अधिक पान अशा बारा अंकी ओळींनी भरलेलं होतं, वर चहाच्या कपाचा गोल डाग. डेटाबेसमध्ये सगळं झाकलेलं आणि टेबलावर सगळं उघडं. त्या मुलींचा यात काडीचाही दोष नव्हता. त्यांना तक्रार सोडवायची होती आणि आम्ही तक्रारीतला जीवच काढून घेतला होता.

यावर पहिल्या तटाचं हुशार उत्तर येतं ते तपासणी अंकाचं, आणि ते मानावं लागेल. आधारचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. त्यासाठी डच गणितज्ञ याकोबुस व्हेरहुफ यांनी १९६९ साली मांडलेली पद्धत वापरतात. कार्डांसाठी आयबीएमच्या हान्स पीटर लून यांची १९५४ सालची पद्धत आहे. म्हणजे नुसता आकार न बघता गणितही जुळतं का ते पाहता येतं. शिवाय आधारचा पहिला अंक शून्य किंवा एक नसतो. छान. पण सहज पडलेला बारा अंकी क्रमांकही दहात एकदा हे गणित जुळवतोच. म्हणजे दर दहा-बारा निर्दोष तक्रारींत एखादीचा संदर्भ क्रमांक आधार समजून काळा होणार. त्याहून वाईट गोष्ट उलट्या बाजूची आहे. व्हेरहुफची पद्धत एका अंकाची कुठलीही चूक पकडते, हा तिचा गुण. आता झेरॉक्सच्या मुलाने घाईत एक अंक चुकवला तर? गणित जुळणार नाही, आपला गाळणीवाला म्हणणार 'हा आधार नव्हेच', आणि अकरा खरे अंक उघडे राहणार. चुकलेला अंक कुठला ते माहीत नसलं तरी प्रत्येक जागेसाठी गणित जुळवणारा एकच अंक असतो, म्हणजे मूळ क्रमांकासाठी जास्तीत जास्त बारा पर्याय उरतात. झाकण्याच्या कामात तपासणी अंकाला अंतिम पंच नेमणं म्हणजे टाइप करताना चुकणाऱ्या माणसाचं संरक्षण काढून घेणं. आणि चुकतो कोण? ज्याला चष्म्याशिवाय दिसत नाही तो.

दुसऱ्या तटाकडे वळते. त्यांचा मुद्दा खरा आहे: 'ग्राहक क्रमांक' हे शब्द आधी आले तर पुढचे बारा अंक आधार नाहीत, हे मॉडेल वाचून ओळखू शकतं. लिहिणाऱ्याने 'माझा नंबर' एवढंच लिहिलं तर मागच्यापुढच्या वाक्यांवरून अंदाजही बांधू शकतं. रेजेक्सला शेजारचे चार शब्द बघायला शिकवता येतं, पण इतकं नाही. हे सगळं कबूल. पण ते मॉडेल बसलंय कुठे? बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. म्हणजे आजोबांचा आधार झाकायचा म्हणून आधी तो उघडाच तिसऱ्याकडे पाठवायचा! वाटेत किती ठिकाणी त्याची नोंद होते याचा विचार केलाय का? मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं. पासवर्ड नीट गुंतागुंतीचे करून साठवण्याची व्यवस्था त्यांच्याकडे होती. ती पूर्ण व्हायच्या आधीच एका अंतर्गत लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, ते उघडे लिहिले जात होते. पुढच्याच वर्षी, मार्च २०१९ मध्ये, फेसबुकनेही कोट्यवधी पासवर्ड अंतर्गत व्यवस्थेत वाचता येतील असे साठले गेल्याचं मान्य केलं. दोन्हीकडे कुलूप उत्तम होतं, पण माल कुलपापर्यंत पोचायच्या आधी अंगणात पडून होता. फोनवरच चालणारी छोटी मॉडेलंही आहेत, हे मला मान्य आहे, आणि ती आजोबांच्या स्वस्त फोनवर नीट चालू लागतील त्या दिवशी मी त्यांच्या बाजूने बोलेन. तरीही 'हे का झाकलं, ते का नाही' याचं उत्तर मॉडेलला नेमकं देता येत नाही. रेजेक्सचा नियम एका ओळीचा असतो. तो वाचता येतो, तपासता येतो, चुकला तर कुणी चुकवला ते सांगता येतं.

मला या तटाचा जुनं-नवं हा सूर तर अजिबात पटत नाही. इतिहासच वेगळा आहे. १९४३ साली मॅकलक आणि पिट्स यांनी मेंदूतल्या पेशींचं गणिती रूप मांडलं, आजची एआय मॉडेलं ज्यावर उभी आहेत त्या न्यूरल नेटवर्कचं तेच मूळ. १९५१ साली स्टीफन क्लीनी हा तर्कशास्त्रज्ञ रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेत त्याच पेशींच्या जाळ्यांचा अभ्यास करत होता. अशी जाळी कुठकुठल्या घटना ओळखू शकतात, हे लिहून दाखवायला त्याने जी भाषा बनवली तीच रेग्युलर एक्स्प्रेशन. १९६८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसनने ती मजकूर शोधायच्या कामाला लावली. ज्यांना आपण आजोबा आणि नातू म्हणून एकमेकांविरुद्ध उभं करतोय ती एकाच घरातली भावंडं आहेत. कुणाचं वय किती यावरून निवड करायची नसते, कामाचं स्वरूप काय यावरून करायची असते.

रेजेक्सवरचा एक आक्षेप मात्र हलका घेऊ नये. २ जुलै २०१९ रोजी वेबसाइटना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या एका नव्या नियमातल्या रेजेक्सने त्यांच्या जगभरच्या सर्व्हरांचे प्रोसेसर शंभर टक्के गुंतवले आणि हजारो वेबसाइट २७ मिनिटं बंद पडल्या. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचं प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ अशाच कारणाने ३४ मिनिटं बंद होतं. तिथे दोष होता तो नुसत्या मोकळ्या जागा छाटणाऱ्या साच्याचा. 'कितीही वेळा' अशी सूट असलेले साचे जुळवताना यंत्र मागेपुढे करत बसतं आणि कधीकधी त्यातून बाहेरच येत नाही. पण आपले साचे कसले आहेत? बारा, दहा, सोळा अशा ठरलेल्या लांबीचे. त्यांत ही सूट देण्याची गरजच नाही. आणि झाकण्याचं काम माझ्या फोनवर होत असेल तर चुकीचा साचा फार तर माझा एक चौकोन अडकवेल, देशभरची सेवा बंद पाडणार नाही.

आता मराठीत लिहिणाऱ्यांनी कान टवकारावेत असा भाग, कारण आमच्या बैठकांत यावर कुणी बोलतच नाही. साच्यांत 'कुठलाही अंक' यासाठी एक खूण असते, बॅकस्लॅश डी. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत या खुणेला फक्त इंग्रजी अंक कळतात. जावा या दुसऱ्या भाषेतही वेगळं सांगितलं नाही तर तेच. पायथन ३ या तिसऱ्या भाषेत मात्र त्याच खुणेत देवनागरी १, २, ३ सुद्धा येतात. म्हणजे आजोबांचा देवनागरीत टाइप झालेला आधार ब्राउझरमधली गाळणी ओलांडून सरळ निघून जातो. चाचणी करणाऱ्याने इंग्रजी आकडे टाकून पाहिलेले असतात, त्यामुळे कागदोपत्री सगळं पास. दुसरी गंमत याच्या उलटी. 'शब्दाची सीमा' अशी एक खूण असते आणि क्रमांकाच्या दोन्ही टोकांना ती लावायची सवय सगळ्यांना आहे. इंग्रजीत क्रमांकाच्या मागेपुढे जागा असते, त्यामुळे चालून जातं. मराठीत आपण विभक्तीचा प्रत्यय थेट आकड्याला चिकटवतो: अमुक नंबरला, अमुक नंबरवर. पायथनच्या दृष्टीने 'ल' हे अक्षर आणि त्याआधीचा अंक हा एकच शब्द, मध्ये सीमा नाही, म्हणून 'ला' चिकटलेला मोबाइल नंबर सापडतच नाही. उपाय अवघड नाही. सीमा न मागता 'आधी आणि नंतर अंक नसावा' एवढंच मागायचं, दोन्ही लिप्यांचे अंक स्पष्ट लिहायचे, मधल्या जागा, टिंब, आडव्या रेषा धरायच्या. दोन तासांचं काम. पण ते करायला आधी कुणीतरी मराठीत तक्रार लिहून पाहावी लागते. ऐरोली-महापे पट्ट्यात बसलेल्या आम्हा हजारो मराठी भाषकांना हे सुचू नये याची मला मनापासून खंत वाटते.

'पण शब्दांत लिहिलं तर? नऊ आठ शून्य असं लिहिलं तर?' हा प्रश्न दर बैठकीत येतो आणि त्यावर अर्धा तास जातो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरून आपले सैनिक घरी पत्रं लिहीत, ती सेन्सॉर वाचून पुढे पाठवी. सैनिकांनी हिंदी सैनिकांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरी म्हणायला सुरुवात केली. ज्याला गाळणी चुकवायचीच आहे तो ती चुकवणारच. खरेदी-विक्रीच्या अ‍ॅपवर लोकांनी परस्पर व्यवहार करू नये म्हणून मोबाइल नंबर खोडतात, तिथे हा खेळ रोज चालतो. पण आजोबांना काही चुकवायचंय का? त्यांना साधी ओळख द्यायचीय. दोन्ही कामांना 'मास्किंग' हा एकच शब्द वापरल्यामुळे आपण चोरासाठी बनवलेला युक्तिवाद भोळ्या माणसावर लावतो. चेकवर अक्षरी रक्कम लिहायची सवय असलेली काही माणसं क्रमांकही अक्षरी लिहितील. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून 'एकवीस' की 'वीस एक' असा वाद झाला होता, ती दोन्ही रूपं साच्याला शिकवावी लागतील. पण अशी तक्रार क्वचित येते. तिच्या नावाखाली रोजच्या तक्रारी उघड्या ठेवायच्या?

सगळ्यात जड आक्षेप माझ्या मुख्य म्हणण्यावरच आहे. लिहिणाऱ्याला विचारा म्हणजे जबाबदारी पुन्हा सामान्य माणसाच्याच डोक्यावर का टाकता? मे २०२२ चं प्रकरण आठवतं. आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं: आधारची झेरॉक्स सरसकट कुणाला देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क केलेलं आधार द्या. दोन दिवसांत केंद्राने ते मागे घेतलं, अर्थाचा अनर्थ होऊ शकतो म्हणून, आणि लोकांना सांगितलं की नेहमीची सावधगिरी बाळगा. तेव्हाही चर्चा भलत्याच वाटेने गेली, आधार सुरक्षित की असुरक्षित. हॉटेलच्या काउंटरवर, सोसायटीच्या ऑफिसात झेरॉक्स मागणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. 'सावधगिरी बाळगा' हे वाक्य मलाही नको आहे. म्हणूनच मी म्हणते, काहीच न करणाऱ्याचं सगळं झाकलेलं राहिलं पाहिजे. आजोबांनी काहीही दाबलं नाही तर चारही क्रमांक झाकूनच जातील, शेवटचे चार अंक तेवढे दिसतील. पण त्याआधी चौकोनाखाली एक ओळ उमटेल: 'यातले चार क्रमांक झाकले आहेत. बिलाचा किंवा व्यवहाराचा क्रमांक असेल तर त्यावर बोट ठेवा.' झेरॉक्सच्या मुलाला ते दोन सेकंदांत कळेल. तो बोट ठेवील, आणि आजोबांना विचारील, "आधार ठेवू झाकलेला?" हा प्रश्न आज त्या दुकानात कुणी विचारतच नाही.

आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १८७९ साली, किंमत पाव आणा. कार्ड उघडं असतं हे खेड्यातल्या निरक्षर बाईलाही समजत होतं. पोस्टमन वाचणार, मास्तर वाचणार. म्हणून सासरच्या जाचाची गोष्ट ती कार्डावर घालत नसे, पाकीट मागून घेई. उघडेपणा डोळ्यांना दिसत होता. आमचा तक्रारीचा चौकोन दिसतो बंद पाकिटासारखा आणि चालतो कार्डासारखा. सपोर्ट वाचतं, टेस्टिंगला नमुना म्हणून जातो, लॉगमध्ये पडतो, बॅकअपमध्ये जातो. ज्याला हे दिसतच नाही त्याने सावध कसं राहायचं?

फोनवरची गाळणी कुणीही बंद करू शकतो, म्हणून तेच साचे सर्व्हरवरही लावावेत, डिस्कवर पहिला बाइट लिहिला जायच्या आधी. याबद्दल माझा कुणाशीच वाद नाही. वाद आहे तो फक्त तिथेच लावून हात झटकण्याशी. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हलगर्जीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत मास्किंगचा नावानिशी उल्लेख आहे. त्यामुळे आता प्रत्येक कंपनी पाठीमागे एक गाळणी बसवून यादीतल्या चौकटीवर खूण करील. कायद्याला दाखवायला ते पुरेल. पण आजोबांच्या पैशांची तक्रार त्यात बुजून जाईल आणि पुन्हा कुठेतरी वही उघडेल.

आमच्या टीमने गेल्या आठवड्यात चौकोनाखालची ती ओळ चाचणीसाठी बसवली. मी आजोबांसारखंच वाक्य टाइप केलं, खरा आधार न घालता १२३४ ५६७८ ९०१२ घातला, कारण एकने सुरू होणारा आधार असतच नाही. आमच्या साच्याने तोही झाकला. पहिल्या अंकाची अट त्याला मुद्दाम घातलेली नाही. ग्राहक क्रमांक आणि संदर्भ क्रमांकावर बोट ठेवलं, ते उघडले. 'ला' चिकटलेला मोबाइल नंबर झाकलेला राहिला. आता जुन्या लॉगचं काय, हा प्रश्न मी बैठकीत मांडला आहे. गाळणी बसायच्या आधीच्या वर्षांतल्या अशा तक्रारी, त्यांतले देवनागरी आकडे, सगळं बॅकअपमध्ये आहे. तो साफ करायला माणसं आणि दिवस लागतील, आणि ते कोण देणार, हे अजून कुणी लिहून घेतलेलं नाही.